काळी की पिवळी? लष्करी कोटाच्या कॉलरचा रंग शोधताना

नाटकांच्या आणि माहितीपटांच्या कपडेपटासाठी जुने लष्करी पोशाख शोधून देण्याचं काम मी अनेक वर्षं करते आहे. ‘इंग्रजांच्या काळातला शिपाई’ म्हटलं की दिग्दर्शकाच्या डोळ्यांपुढे लाल कोट उभा राहतो. पण कात्री घेऊन बसलेल्या शिंप्याचं तेवढ्यावर भागत नाही. तो विचारतो, “ताई, कॉलर आणि कफ कुठल्या रंगाचे लावू?”

या प्रश्नात फार काही दडलेलं आहे. ब्रिटिश पायदळ लाल कोट घालायचं आणि मुंबई, मद्रास, बंगाल या इलाख्यांच्या बहुतेक पायदळ पलटणीही लालच. एक पलटण दुसरीपासून वेगळी ओळखायची ती कॉलर, कफ आणि अठराव्या शतकात छातीवर उलटवून बटणांनी अडकवलेल्या पट्ट्या यांच्या रंगावरून. या रंगीत कापडाला फेसिंग म्हणतात. काठाला बारीक गोट असेल तर त्याचा रंग आणखी वेगळा. कोकणातून, साताऱ्याकडून, देशावरून भरती झालेल्या हजारो शिपायांची नावं चित्रांखाली, फोटोंखाली कुणी लिहून ठेवली नाहीत. अशा अनाम माणसाचा पत्ता त्याच्या कफावर असतो. कफाचा रंग चुकला की तो माणूस दुसऱ्याच्याच पलटणीत जाऊन उभा राहतो. म्हणून मी या कामात घाई करत नाही, कुणाला करूही देत नाही. इतक्या वर्षांत जे हाताशी लागलं ते इथे मांडते.

१. रंग विचारण्याआधी साल विचारावं.

‘अमुक पलटणीची कॉलर कुठल्या रंगाची?’ या प्रश्नाला सालाशिवाय उत्तर देता येत नाही. इंग्लंडमधलंच उदाहरण घ्या. १७४०च्या दशकात तिथल्या दोन रेजिमेंटच्या कर्नलांचं आडनाव हॉवर्ड होतं. त्या काळी रेजिमेंट कर्नलच्या नावानेच ओळखली जाई, त्यामुळे एकाच मोहिमेत दोन ‘हॉवर्ड रेजिमेंट’ झाल्या. मग फेसिंगच्या रंगावरून एक झाली ‘ग्रीन हॉवर्ड्स’ आणि दुसरी ‘बफ हॉवर्ड्स’, म्हणजे फिक्या बदामी रंगाची. रंग त्यांच्या नावातच शिरला. १७५१ आणि १७६८च्या शाही फर्मानांनी कुठल्या रेजिमेंटला कुठलं फेसिंग हे पक्कं करून टाकलं.

पण १८८१च्या फेररचनेत इंग्लंड आणि वेल्सच्या रेजिमेंटना सरसकट पांढरं, स्कॉटलंडच्यांना पिवळं, आयर्लंडच्यांना हिरवं आणि ‘रॉयल’ किताब असलेल्यांना निळं फेसिंग ठरवण्यात आलं. नावातच ‘हिरवे’ असलेल्यांच्या कोटाला पांढरी कॉलर आली! रेजिमेंटना हे मनापासून लागलं. ‘बफ हॉवर्ड्स’नी, म्हणजेच ‘बफ्स’नी, आपला रंग १८९० साली परत मिळवला, ग्रीन हॉवर्ड्सनी १८९९ साली. म्हणजे १८८५ सालच्या ग्रीन हॉवर्ड शिपायाला हिरवी कॉलर शिवली तर ती चूक आणि १९०५च्या शिपायाला पांढरी शिवली तर तीही चूक.

आपल्याकडे सालाबरोबर पलटणीचा आकडाही सांभाळावा लागतो. १९०३ साली सरसेनापती किचनर यांनी हिंदुस्थानी लष्कराच्या पलटणींना नवे आकडे दिले आणि मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले. मुंबईची तिसरी पलटण १०३ झाली, पाचवी १०५, दहावी ११०, चौदावी ११४. १९२२ साली या मराठा पलटणी एकत्र येऊन पाचवी महराट्टा लाइट इन्फन्ट्री झाली आणि आकडे पुन्हा बदलले. १८९५चा कागद ‘तिसरी’ म्हणतो, १९१०चा ‘१०३’ म्हणतो आणि दोघंही एकाच पलटणीबद्दल बोलत असतात. हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर नसेल तर पुढची सगळी पानं गोंधळतात.

२. मग हुद्दा आणि काम विचारावं.

एकाच पलटणीत, एकाच वर्षी, सगळ्यांचे कोट सारखे नसत. ब्रिटिश पायदळात साध्या शिपायाचा कोट मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांनी रंगवलेला, थोडा विटकरीकडे झुकणारा लाल असे. अधिकाऱ्यांचा आणि सार्जंटांचा कोट कोचिनील किड्यापासून काढलेल्या भडक लाल रंगाचा असे. १८७०च्या दशकात शिपायांनाही तो भडक लाल मिळाला. अधिकाऱ्यांच्या जरीच्या फितीतही भेद होता. १८३०पासून नियमित सैन्याला सोनेरी आणि मिलिशियाला रुपेरी फीत ठरली.

सगळ्यात जास्त फसवतो तो ढोलवाला. अठराव्या शतकातल्या ब्रिटिश रेजिमेंटमध्ये ढोलवाल्याचा कोट उलट्या रंगाचा असे. बाकीच्यांचा लाल कोट आणि पिवळी कॉलर, तर त्याचा पिवळा कोट आणि लाल कॉलर. राजघराण्याच्या रेजिमेंट याला अपवाद होत्या. लढाईच्या धुरात हुकूम वाजवून सांगणारा माणूस लांबून दिसावा, ही त्यामागची गरज. संग्रहालयात असा सुटा पिवळा कोट दिसला आणि त्यावरून अख्ख्या रेजिमेंटला पिवळे कोट शिवले, तर काय होईल ते सांगायला नको.

३. हुकमाचा कागद आणि अंगावरचं कापड यांत अंतर असतं.

नियमांची पुस्तकं वाचायला मला आवडतं. त्यांत सगळं नीटनेटकं असतं. लष्करात मोहोरबंद नमुना ठेवण्याची पद्धत होती. मान्य झालेल्या कोटाला लाखेची मोहोर लावून तो जपून ठेवायचा आणि कंत्राटदाराने आणलेला माल त्याच्याशी पडताळायचा. हे नमुने आज कुठे सापडले तर त्यांच्याइतका भरवशाचा पुरावा नाही. पण जुने कोट झिजेपर्यंत वापरले जात, नवं कापड यायला महिने लागत, समुद्र ओलांडून यायचं असेल तर त्याहून जास्त. नव्या हुकमाच्या वर्षी जुना रंग अंगावर असणं अगदी स्वाभाविक होतं.

याचं मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण अमेरिकेच्या यादवी युद्धात दिसतं. दक्षिणेच्या कॉन्फेडरेट सैन्याचे १८६१चे नियम सांगतात: करड्या कोटाला पायदळासाठी फिकट निळं, तोफखान्यासाठी लाल, घोडदळासाठी पिवळं फेसिंग. युद्ध लांबलं, कापड आणि रंग मिळेनासे झाले आणि सरकारी कोठारांतून बिनगोटाची साधी करडी जाकिटं बाहेर पडू लागली. करडा रंगही टिकेना. वनस्पतींपासून काढलेला तो रंग उन्हात भुरकट तपकिरी होई. नियमांवरून त्या सैन्याचं चित्र काढलं तर ते सुंदर येईल, पण १८६४ सालचं येणार नाही.

आपल्या मराठा पलटणींबाबत असाच एक प्रसंग माझ्यापुढे आला. पहिल्या महायुद्धातला, आजच्या इराकमधला १९१५-१६चा कुत-अल-अमाराचा वेढा रंगमंचावर दाखवायचा होता. वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी अडकल्या होत्या. प्रेक्षकांना त्या वेगळ्या कळाव्यात म्हणून दिग्दर्शकांना रंगीत कॉलर हव्या होत्या. पण मेसोपोटेमियात ही माणसं खाकीत लढली, उपाशी राहिली, खाकीतच कैद झाली. त्यांना रंगीत कॉलरच्या ऐटीत उभं करणं मला पटेना. आम्ही खांद्यावरच्या पितळी आकड्यांवर भर दिला. प्रकाशयोजनाकाराने त्या आकड्यांवर उजेड पाडला आणि तेवढं पुरलं.

४. जुन्या फोटोतला काळा काळा नसतो.

इथे मी जरा थांबणार आहे, कारण मुंबईच्या पलटणींवर काम करणारा प्रत्येक माणूस इथेच अडखळतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला १०३, १०५ आणि ११० या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणींचं फेसिंग काळं होतं. ११४ आणि ११६ या मराठा पलटणींचं पिवळं. काळं आणि पिवळं, यापेक्षा ठसठशीत फरक तो कुठला? फोटोत बघून लगेच सांगता येईल असंच कुणालाही वाटेल.

पण एकोणिसाव्या शतकात फोटो ज्या रसायन लावलेल्या काचेवर घेत, तिला सगळे रंग सारखे दिसत नव्हते. कलोडियनची ओली काच काय किंवा नंतरची साधी कोरडी काच काय, दोन्हींवर निळ्या-जांभळ्या प्रकाशाचाच परिणाम होई. लाल आणि पिवळ्या प्रकाशाला ती जवळजवळ आंधळी होती. त्यामुळे फोटोत निळं ते उजळ येई, लाल ते गडद आणि पिवळंही गडद. पिवळ्या कॉलरचा शिपाई आणि काळ्या कॉलरचा शिपाई शेजारीशेजारी उभे केले तर दोघांचीही कॉलर काळपट येणार, तीही तशाच काळपट दिसणाऱ्या लाल कोटावर. उलट फिकट निळी कॉलर पांढऱ्याशेजारी ठेवली तर वेगळी काढता येणार नाही. ३४व्या पुणे हॉर्स रिसाल्याचं फेसिंग फ्रेंच ग्रे, म्हणजे निळसर झाक असलेलं करडं होतं. जुन्या फोटोत ते अपेक्षेपेक्षा बरंच उजळ दिसतं.

१८७३ साली जर्मनीत हेर्मान फोगेल यांनी काचेच्या लेपात ठरावीक रंगद्रव्य मिसळून तिला हिरवा-पिवळा प्रकाशही ‘दाखवला’. अशा ऑर्थोक्रोमॅटिक काचेवर पिवळं उजळतं, लाल मात्र गडदच राहतं. लालसकट सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा १९०६च्या सुमारास बाजारात आल्या, पण साधी काच त्यानंतरही वापरात होती. म्हणून फोटो कुठल्या वर्षीचा आणि कुठल्या काचेवरचा, हे ठरल्याशिवाय त्यातल्या छटेवरून रंग काढू नये.

फोटो तरीही मोलाचा असतो. कफाचा आकार, फितीची रुंदी, बटणांची संख्या, गोट कुठून सुरू होऊन कुठे संपतो हे सगळं त्यातच सापडतं. रंगासाठी मात्र ‘इंडियन आर्मी लिस्ट’ उघडावी. त्यात पलटणीच्या नावाखाली कोटाचा आणि फेसिंगचा रंग दोन शब्दांत छापलेला असे. ज्या वर्षाचं काम, त्याच वर्षाची लिस्ट. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तराबरोबर अशा छापील याद्यांची मोठी मालिका आहे.

हल्ली संगणकाने रंगवलेले जुने फोटो सगळीकडे फिरतात. संगणक गडद करड्याला गडद रंग देतो, कारण त्याच्यापुढे दुसरी माहितीच नसते. पिवळ्या फेसिंगच्या पलटणीला तो विश्वासाने काळी कॉलर चढवतो. असे फोटो मी संदर्भ म्हणून घेत नाही आणि नव्या मुलांनाही घेऊ देत नाही.

५. रंग कशाने केला ते कळलं, तर तो कसा उडाला ते कळतं.

कृत्रिम रंग येण्याआधी हिरवं कापड करायचं म्हणजे नीळ आणि पिवळा रंग एकावर एक चढवायचा. नीळ चिवट. वनस्पतींपासून काढलेला पिवळा मात्र उजेडात लवकर उडतो. शंभर-दोनशे वर्षांनी उरते ती नीळ. त्यामुळे संग्रहालयात निळसर दिसणारी कॉलर मुळात हिरवी असू शकते. जुन्या युरोपीय भिंतपडद्यांवरची झाडं निळी दिसतात ती याच कारणाने.

काळ्याची कथा वेगळी. आपल्याकडे हिरडा आणि हिराकस वापरून काळा करत. युरोपातही टॅनिन आणि लोखंडाचा क्षार हीच जोडी होती, शिवाय लॉगवुडचं लाकूड. लोखंडाचा काळा काळानुसार तपकिरी होतो आणि धागाच खातो. कोट शाबूत आणि काळी कॉलर तेवढी भुगा झालेली, असं दिसलं तर दोष कसरीवर ढकलण्याआधी रंगाचा विचार करावा. ताजा काळाही भरवशाचा नव्हता. ब्रिटिशांच्या ५०व्या रेजिमेंटचं फेसिंग काळं होतं. १८०८ साली पोर्तुगालमध्ये विमेरोच्या लढाईत उन्हात घामाघूम झालेल्या शिपायांनी कफाने तोंडं पुसली, काळा रंग चेहऱ्याला लागला आणि रेजिमेंटला ‘डर्टी हाफ-हंड्रेड’ हे नाव पडलं, असं सांगितलं जातं.

लाल रंगाच्या मुळाचाही शोध घ्यावा. मंजिष्ठेच्या जातीतला मुख्य रंग अलिझरिन १८६८ साली ग्रेब आणि लीबरमान यांनी बर्लिनमध्ये प्रयोगशाळेत बनवून दाखवला. कोचिनीलला स्वस्त पर्याय म्हणून हिंदुस्थानातून लाखेचा रंगही इंग्लंडला जात असे. प्रयोगशाळेत धाग्याच्या सूक्ष्म तुकड्यावरून हे तिन्ही वेगळे ओळखता येतात. त्यासाठी संग्रहालयाची परवानगी मिळवणं अवघड असतं आणि ते अवघडच असलं पाहिजे.

६. कोट आतून वाचावा.

बाहेरचं कापड ऊन, धूळ, घाम सगळं सोसतं. खरा रंग उरतो तो शिवणीच्या आत, कॉलरच्या दुमडीखाली, बटणाच्या मागे, अस्तराला जोडलेल्या पट्टीत. माझ्या पिशवीत भिंग, मोजपट्टी, मऊ पेन्सिल आणि पांढऱ्या-करड्या-काळ्या चौकोनांचं रंगपत्रक असतं. पेन मी नेत नाही. कोट संग्रहालयाच्या माणसानेच हाताळावा, आपण बघावं.

सुईची रिकामी भोकं बघावीत. कफावर दोन ओळींत भोकं असतील आणि फीत एकाच ओळीत असेल, तर जुनी फीत काढून नवी लावलेली आहे. कोट हाताने शिवलेला आणि कॉलर तेवढी यंत्राने जोडलेली असेल, तर ती मागाहून बदललेली आहे. फेसिंगचा हुकूम बदलला की पलटणीचा शिंपी नवा कोट शिवत बसत नसे. तो कॉलर-कफ उसवून नवे लावी. अधिकाऱ्यांच्या कोटात आतल्या खिशाजवळ शिंप्याच्या दुकानाची चिठ्ठी असते, कधी तिच्यावर नाव आणि तारीखही मिळते. नुसत्या बटणावरच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. बटणं सहज बदलता येतात आणि विकणारे ती बदलतात.

उजेडाचंही बघावं. ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसणारे दोन रंग खिडकीपाशी वेगळे निघतात. उत्तरेकडच्या खिडकीचा संथ उजेड सर्वात बरा. संग्रहालयं जुन्या कापडासाठी साधारण ५० लक्स एवढाच मंद प्रकाश ठेवतात, तो वाढवायचा हट्ट धरू नये. त्या मंद प्रकाशामुळेच कोट आपल्यापर्यंत पोचला आहे.

७. नावावरून छटा ठरत नाही.

जुन्या ब्रिटिश यादीत हंसाच्या पिल्लासारखा हिरवा आहे, विलोच्या झाडाचा हिरवा आहे, वाळल्या पानाचा पिवळा आहे. नावं गोड आहेत, पण दोन कापडवाल्यांनी त्यांचे दोन अर्थ लावले असणार. आपणही दुकानात ‘मोरपंखी’ मागितला तर चार छटा पुढे येतात. मी नाव जसंच्या तसं उतरवते आणि शेजारी मुन्सेल रंगपत्रकातला आकडा लिहिते, उजेड कुठला होता तेही लिहिते. शिंप्याला नाव कधीच सांगत नाही, कापडाचा तुकडा देते.

८. चित्रकाराने स्वतः काय पाहिलं, ते तपासावं.

ए. सी. लोव्हेट हे स्वतः लष्करी अधिकारी होते. हिंदुस्थानी पलटणींतल्या माणसांची त्यांनी केलेली जलरंग चित्रं १९११ साली मॅकमन यांच्या मजकुरासह ‘द आर्मीज ऑफ इंडिया’ या ग्रंथात आली. समोरच्या माणसांची चित्रं असल्याने पगडीचा पीळ, कफाचा रंग, चेहऱ्याची ठेवण यांसाठी मी ती फार मानते. रिचर्ड सिमकिन यांनी समकालीन गणवेश चितारले, तसे आपल्या जन्माआधीचेही. हे दुसरे देखणे आहेत, पण ते जुन्या कागदांवरून रचलेले आहेत. छपाईचाही प्रश्न असतो. शंभर वर्षांपूर्वीच्या पुस्तकातली शाई आज जो पिवळा दाखवते, तो चित्रकाराने लावलेला पिवळा असेलच असं नाही. मूळ चित्र बघायला मिळालं तर तेच बघावं.

९. घरच्या ट्रंकेतला कोट धुऊ नये.

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांत पणजोबांचा कोट, पट्टा, पदकं अजून आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या तर नावातच ‘मिलिटरी’ आहे. कोट सापडला की घरच्यांना तो लख्ख करून दाखवावासा वाटतो. त्यामागची माया मला समजते, पण मी हात जोडून सांगते की तो धुऊ नका, ड्रायक्लीनला देऊ नका, इस्त्री करू नका. पाण्याने काळी कॉलर लालवर उतरते आणि घामाचे डाग, शिंप्याची चिठ्ठी, उरलासुरला रंग सगळं एकदम जातं. खळ काढण्यासाठी आधी धुऊन वाळवलेल्या मांजरपाटात तो सैल गुंडाळावा, घड्यांमध्ये मांजरपाटाच्याच वळकट्या ठेवाव्यात, ट्रंक ओलीपासून आणि उन्हापासून दूर ठेवावी. डांबराच्या गोळ्या कापडाला टेकू देऊ नयेत.

मग पदकं हातात घ्यावीत. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगातून ती ओळ वाचून लिहून घ्यावी, मग त्या काळातल्या आर्मी लिस्टमध्ये पलटणीचं फेसिंग बघावं आणि कोटाच्या कॉलरची आतली दुमड त्याच्याशी ताडून पाहावी. जुळलं, तर कोट त्याच माणसाचा असण्याची शक्यता चांगली आहे. जुळलं नाही, तर घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसून विचारावं की चुलत घराण्यात, आजोळी, सासरी आणखी कोण पलटणीत होतं. हे विचारणं पुढच्या सुट्टीवर टाकू नये. कोट आणखी काही वर्षं ट्रंकेत थांबू शकतो.